‘माझा प्रवास’ आंतरजालावर कोठें ठेवावा?

जुनीं प्रवासवर्णनें आंतरजालावर पुनः प्रसिद्ध करण्याची हौस अलीकडे वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ग्रंथ कोणत्या स्थळीं ठेवावा, याचा निर्णय बहुधा सोय पाहून होतो, पाठाची शुद्धता पाहून होत नाहीं. या हयगयीनें काय हानि होते, हें वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथावरून स्पष्ट दिसतें.

गोडसे भटजी १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. १८५८ मधील झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून पाहिला. पुढें चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ही हकीकत लिहून काढली. वैद्यांनीं ती १९०७ सालीं छापली. पण छापतांना भाषेस नवें वळण दिलें, कांहीं मजकूर गाळला, कांहीं बदलला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १९६६ सालीं निघाली. म्हणजे ५९ वर्षें वाचक ज्यास गोडश्यांचा शब्द समजत होते, त्यांत वैद्यांचा हात कोठें कोठें फिरला आहे, हें कळण्यास मार्गच नव्हता.

वैद्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्या प्रेरणेवांचून ही हकीकत लिहिलीच गेली नसती, आणि इंग्रजी अमलांत १८५७ वर ग्रंथ छापणें जोखमीचें होतें. १९०७ चा पाठही त्या काळाचा पुरावा म्हणून जपण्याजोगा आहे. मात्र तो त्या नांवानेंच जपला पाहिजे.

खरी अडचण पुढेंच आहे. १९५७ च्या कायद्यान्वयें लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षें हक्क राहतो. वैद्य १९३८ सालीं वारले. सबब त्यांची आवृत्ति कोणासही चढवितां येते. पोतदार १९७९ सालीं वारले. त्यांची प्रस्तावना व टीपा २०३९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. परिणामीं फिरविलेला पाठ फुकट मिळतो आणि मूळानुसारी पाठ कपाटांत राहतो. जें सहज सांपडतें तेंच अभ्यासक उद्धृत करतात.

आतां स्थळांचा विचार करूं. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर पानांची छायाचित्रें जशींच्या तशीं राहतात, हा मोठा गुण. परंतु ग्रंथाची ओळख चढविणाराच लिहितो, आणि यंत्रानें वाचलेल्या जुन्या देवनागरी मजकुरावर भिस्त ठेवतां येत नाहीं. ‘विकिस्रोता’वर छापील पान व उतरविलेला मजकूर शेजारीं शेजारीं ठेवतां येतात, कोणीं कोणता शब्द केव्हां बदलला याची नोंद राहते. संशोधकास हवें तें हेंच. खासगी संकेतस्थळावर सजावट चांगली असते. पण वार्षिक शुल्क थकलें कीं ग्रंथ नाहींसा. शिवाय तेथें बहुधा नुसता टंकलिखित मजकूर असतो. तो कोणत्या आवृत्तीचा, याचा पत्ता नसतो.

तेव्हां आमचें मत असें: १९०७ च्या आवृत्तीचीं छायाचित्रें ‘आर्काइव्ह’वर व शोधलेला मजकूर ‘विकिस्रोता’वर ठेवावा, आणि ‘वैद्यांनीं संस्कारिलेली आवृत्ति’ हे शब्द आरंभींच असावेत. गोडश्यांच्या मूळ शब्दांवरील हक्काची मुदत १९६६ पासून धरली, तरी ती २०२६ अखेर सरते. त्यानंतर हस्तलिखिताचीं छायाचित्रें, तें सांभाळणाऱ्या संस्थेच्या संमतीनें, याच मजकुराशेजारीं यावींत. प्रस्तावनेसाठीं वाट पाहावी लागेल. मूळासाठीं लागूं नये.

ज्यांच्या संग्रहीं अशीं हस्तलिखितें आहेत, त्यांस आमची विनंति एवढीच कीं, छापील प्रत आंतरजालावर दिसली म्हणून आपल्या पोथीचें काम संपलें असें समजूं नये. तिचें खरें काम तेथूनच सुरू होतें.