स्टंटमुळे शेअर वाढतो का? आधी प्रश्न तपासू

टेक कंपन्यांचे प्रसिद्धी-स्टंट आणि शेअरचा भाव, हा विषय सिनॉप्सिससाठी अनेकांना खुणावतो. डेटा फुकट मिळतो, तारखा पक्क्या असतात आणि घटना मजेदार. पण यावरचं बरंचसं लिखाण एकाच पायावर उभं असतं: आदल्या दिवशीचा भाव, दुसऱ्या दिवशीचा भाव आणि मध्ये स्टंट. हा पाया कच्चा आहे.

६ फेब्रुवारी २०१८चं उदाहरण घ्या. स्पेसएक्सच्या फाल्कन हेवी रॉकेटने पहिल्याच उड्डाणात इलॉन मस्क यांची लाल टेस्ला रोडस्टर अवकाशात सोडली. स्टिअरिंगवर स्पेससूट घातलेला पुतळा! स्पेसएक्स तेव्हा शेअर बाजारात नव्हती, टेस्ला होती. ७ तारखेला टेस्लाचा शेअर तीन टक्क्यांहून जास्त वाढला. झाला निष्कर्ष तयार?

थांबा. ८ तारखेला तोच शेअर सुमारे साडेआठ टक्के पडला. मग स्टंट फसला का? तेही म्हणता येत नाही. ७ तारखेला बाजार बंद झाल्यावर टेस्लाचे तिमाही निकाल आले, त्यात तोवरचा विक्रमी तोटा होता. शिवाय ८ तारखेला एस अँड पी ५०० निर्देशांकच जवळपास पावणेचार टक्के घसरला. आता यातला स्टंटचा वाटा किती?

यासाठीच 'इव्हेंट स्टडी' ही पद्धत आहे. शेअर एरवी बाजाराबरोबर किती हलतो ते आधीच्या काळातल्या आकड्यांवरून काढायचं, त्यावरून घटनेच्या दिवसाचा अपेक्षित परतावा ठरवायचा आणि तो प्रत्यक्ष परताव्यातून वजा करायचा. उरतो तो असामान्य परतावा. विज्ञानवाल्यांनो, हा आपला 'कंट्रोल'च समजा. फक्त तो प्रयोगशाळेत नाही, गणितात केलेला.

पण ही पद्धत बाजाराची हालचाल वजा करते, कंपनीची त्याच वेळची दुसरी बातमी नाही. घटनेच्या आतले घटकही ती वेगळे करत नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये सायबरट्रकच्या अनावरणात 'न फुटणारी' काच मंचावरच तडकली आणि दुसऱ्या दिवशी टेस्ला सुमारे सहा टक्के खाली आला. दोष काचेचा, की गाडीच्या त्या विचित्र आकाराचा? एका घटनेवरून हे सांगताच येत नाही.

म्हणून एकाच प्रकारच्या अनेक घटना लागतात. कूपर, दिमित्रोव्ह आणि राऊ यांचा २००१चा शोधनिबंध याचा चांगला नमुना आहे. नावाला 'डॉटकॉम' जोडणाऱ्या ९५ कंपन्या त्यांनी घेतल्या. घोषणेच्या आसपासच्या दहा दिवसांत असामान्य परतावा ७४ टक्क्यांच्या घरात निघाला, आणि कंपनीचा इंटरनेटशी खरा संबंध किती यावर तो अवलंबून नव्हता! मर्यादा एकच, पण मोठी: हा सगळा नमुना १९९८-९९च्या तेजीतला. त्यातल्या काही संशोधकांनी पुढे फुगा फुटल्यानंतरचा काळ तपासला, तेव्हा नावातून 'डॉटकॉम' काढून टाकणाऱ्यांचे भाव वाढलेले दिसले.

माझ्या मते या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच. जोडलं तरी वाढ, काढलं तरी वाढ. म्हणजे परिणाम स्टंटमध्ये दडलेला नसून बाजाराच्या त्या वेळच्या मूडमध्ये आहे. म्हणून 'स्टंटचा परिणाम होतो का?' असं विचारू नका. 'कोणत्या बाजारात, कोणत्या कंपनीवर आणि किती दिवस टिकतो?' असं विचारा.

आणि एक सापळा टाळा. आपल्याला आठवतात ते स्टंट बहुधा भाव हलला म्हणूनच आठवतात. ज्यांच्यानंतर काहीच घडलं नाही, ते बातमीत येतच नाहीत. त्यामुळे आधी स्टंटची व्याख्या लिहा, मग तिच्यात बसणाऱ्या सगळ्या घटनांची यादी करा आणि भावाचा तक्ता त्यानंतरच उघडा. क्रम उलटा झाला, तर उत्तर यादी करतानाच ठरून गेलेलं असतं. व्हायवाला पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.