कामट्यांचा तारा आणि थाळ्यातली नाचणी

वसईच्या वाड्यांतून निघून टोरांटोच्या परिसरात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींनी भाड्याच्या तळघरात पहिला गोठा कसा मांडला, ती हकीकत सभासदांना तोंडपाठ आहे. सबब तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. मात्र त्या गोठ्यावर टांगलेला तारा विकत आणलेला नव्हता, हे तरुण सभासदांना ठाऊक असेलच असे नाही, आणि या लेखाचा प्रपंच त्यासाठीच आहे.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गव्हाणीचा देखावा उभा केला. पुढे ही प्रथा जेथे जेथे गेली, तेथील लोकांनी आपापल्या मातीचे बेथलेहेम घडविले. आमच्या लहानपणीचे बेथलेहेम झावळ्यांनी शाकारलेले असे. भाताचा पेंढा अंथरून, जुन्या गोणपाटावर मातीचा लेप देऊन त्याचे डोंगर उभारून, नाताळच्या पंधरवडाभर आधी थाळ्यांत पेरलेल्या नाचणीचे कोवळे हिरवे शेत त्या डोंगरांच्या पायथ्याशी मांडले, म्हणजे मेंढपाळांना आपल्याच शिवारात आल्यासारखे वाटत असेल, अशी आम्हा मुलांची प्रामाणिक समजूत होती.

ताऱ्याचे काम अधिक कौशल्याचे. समान लांबीच्या पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी. दोहोंची पाचही टोके सुतळीने आवळायची, आणि मग आत, जेथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी, वीतभर लांबीच्या आडव्या काड्या बसवायच्या, की सपाट सांगाडा एकाएकी फुगून उभा राहतो. त्यावर मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद. खळीला कसर लागू नये म्हणून आमच्या घरी चिमूटभर मोरचूद घालीत. दिवाळीच्या आकाशकंदिलाची आणि या ताऱ्याची विद्या एकच. शेजारच्या घरी कंदील बांधू लागलेले हातच महिना-दोन महिन्यांनी आमच्या अंगणात तारा बांधावयास येत.

ही विद्या येथे टिकली याचे श्रेय दोघांना आहे. त्यांच्या आग्रहावरून नावे छापीत नाही. पण ज्यांना आपण सारे काका म्हणतो आणि ज्यांना आपण सारे मावशी म्हणतो, त्यांना कोण ओळखत नाही? दिवसभराची नोकरी सांभाळून, बर्फातून मोटार हाकीत, बागेतील रोपांना आधार देण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बांबूंच्या काठ्या आणून त्या कोयत्याने चिरणारे काका, आणि पै-पैचा हिशेब वहीत इमानेइतबारे लिहून ठेवीत मुलांच्या चिकट बोटांना आवर घालणाऱ्या मावशी नसत्या, तर आपल्या मंडळाचे दप्तर उरले असते, नाताळ उरला नसता. ही अतिशयोक्ती वाटल्यास वाटो.

तडजोडी पुष्कळ झाल्या. सभागृहाच्या नियमांत सुका पेंढा बसत नाही, म्हणून गोठ्यात कागदाच्या कात्रणांचा पेंढा आला. ताऱ्यातील दिवा थंड प्रकाशाचा आला. मोरचूद मुलांच्या हाती नको म्हणून गेले, ते योग्यच झाले. या कशाचेही मला दुःख नाही. परंतु गेल्या बैठकीत, तयार तारे मागवून वेळ वाचवावा, असा ठराव पुढे आला तेव्हा मात्र मन खिन्न झाले. वाचवलेला वेळ आपण कोणत्या कामी लावणार आहोत? इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगण्याइतकी भाषा त्यांनी आत्मसात केली. १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. परक्या मुलखातील एका माणसाने एवढे केले, तर कामटी, खळ, सुतळी आणि गव्हाण हे चार शब्द मुलांच्या तोंडी बसविणे आपल्याला जड का जावे?

गेल्या वर्षीच्या आगमनकाळाचा चौथा रविवार मात्र मी विसरणार नाही. पावणेपाचपूर्वीच सूर्य मावळला होता. मुले आपापले तारे उंच धरून मोटारतळापासून सभागृहापर्यंत मिरवणुकीने निघाली आणि वाटेतच हिमवर्षाव सुरू झाला. कागद ओलावले, सर्वांत मोठ्या ताऱ्याची एक पाकळी उभी फाटली. आत दिवे मालवलेले, शे-सव्वाशे माणसे काळोखात ताटकळलेली. तेवढ्यात बाराएक वर्षांची एक मुलगी, जिला मराठी जेमतेम समजते, ताऱ्यासह जमिनीवर बसली, ओले टोक फडक्याने टिपून तिने नव्या कागदाचा तुकडा फाडून घेतला, कातरला नाही, कारण फाटलेली कडा अधिक बेमालूम चिकटते, आणि अनामिकेच्या पेराने खळ बाहेरच्या बाजूला सारीत नेली. बोटाची ती लकब थेट तिच्या आजीची होती. ती आजी आता हयात नाही. मग मान वर करून ती म्हणाली, “पाच मिनिटं थांबा, खळ वाळू दे.”

आणि सगळे थांबले. कोणी मोबाईल काढला नाही. बाहेर हिम पडत होते, आत खळ वाळत होती, आणि माझ्या शेजारी बसलेले काका चष्मा पुसत होते. दिवा लागला तेव्हा त्या ठिगळाचा कागद इतरांहून किंचित गडद दिसला. गीत सुरू झाले तरी माझी दृष्टी तेथून हलेना.

तो तारा मावशींच्या घरी जपून ठेवला आहे. यंदा नाचणीऐवजी गहू पेरावा, तो थंडीत लवकर उगवतो, अशी एक सूचना आहे. नाचणीला ऊब लागते हे खरे; म्हणून थाळे स्वयंपाकघरात, उष्ण हवेच्या झरोक्याजवळ ठेवावे, आणि रोज सकाळी हाताने पाणी शिंपडावे. बियाणे मावशींकडे आहे. पेरणी आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सेनंतर. थाळे ज्याने त्याने घरून आणावे, आणि मुलांना सोबत आणावे.