सुबोधता आणि 'ऐकणे' : मराठी बायबल-परंपरेची एक बाजू

धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आला की त्याचे पालन सोपे होते, हे गृहीतक मराठीतील बायबल-अनुवादांच्या चर्चेत सहसा तपासले जात नाही. ही चर्चा शब्दांच्या अचूकतेपाशी, फार तर शैलीच्या प्रासादिकतेपाशी थांबते. वस्तुतः बायबल ही केवळ अर्थ सांगणारी संहिता नव्हे. ती वाचकाकडून कृती मागणारी संहिता आहे. अशा संहितेने 'सुबोध' होणे म्हणजे नेमके काय होणे, हा प्रश्न म्हणूनच वेगळा विचारावा लागतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी आपल्या अनुवादाच्या शीर्षकातच हे विशेषण योजले. तो अनुवाद वसईच्या मातीतून आला असल्याने त्या परिसराच्या संदर्भात हा प्रश्न तपासणे उचित ठरेल.

लोकभाषेतील धर्मवचनाची या परिसराला असलेली ओळख ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. आज नालासोपारा पूर्वेच्या दाट वस्तीत मिसळून गेलेल्या आचोळे गावापासून जवळच प्राचीन शूर्पारक, म्हणजे सोपारा. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लेखाची भाषा प्राकृत आहे. पण त्याहून लक्षणीय आहे ती त्याची मांडणी. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, आपण धर्मयात्रेला निघालो, असे राजा तेथे सांगतो. लोकांनी काय करावे हे सांगण्याऐवजी त्याने स्वतः काय केले हे तो सांगतो. केवळ भाषा बदलल्याने धर्मवचन लोकांपर्यंत पोहोचत नाही. बोलणाऱ्याचे स्थानही बदलावे लागते, एवढे तरी यावरून सूचित होते.

ख्रिस्ती मराठीत या स्थानाचा विचार प्रथम केला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या गद्य प्रस्तावनेत, शुद्ध मराठी येथील लोकांना नीट उमगत नाही म्हणून आपण सोपे, स्थानिक शब्द मिसळले, असे कारण ते देतात. शिवाय ग्रंथाची मागणीच श्रोत्याकडून येते. जुनी पुराणे हातची गेलेल्या समाजातील एक ब्राह्मण आपल्या भाषेतील पुराण पाद्रीकडे मागतो, अशी ती योजना आहे. ग्रंथ छापला गेला मात्र रोमन लिपीत. ज्यांच्यासाठी ओव्या रचल्या त्यांच्यापैकी बहुतेकांना तो वाचता येणे शक्य नव्हते. त्यांच्यापर्यंत तो कानांवाटे गेला. ही विसंगती छपाईच्या सोयीमुळे निर्माण झाली असेलही. तथापि तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. मराठीतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ वाचण्याचा नव्हता, ऐकण्याचा होता.

या 'ऐकणे' क्रियापदापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. गाणे ऐकणे हे एक, आणि 'मुलगा आईचे ऐकतो' यातील ऐकणे हे दुसरे. दुसऱ्यात श्रवण आणि पालन वेगळे काढताच येत नाहीत. बायबलच्या मूळ भाषांची प्रकृतीही हीच आहे. ज्या हिब्रू क्रियापदाने इस्रायलची नित्याची श्रद्धाघोषणा सुरू होते, त्या 'शमा'त कान देणे आणि त्याप्रमाणे वागणे दोन्ही येते. ग्रीकमधील आज्ञापालनवाचक शब्द ऐकण्याच्या धातूवरून साधला आहे, लॅटिनमध्येही तसेच. असे असता मराठी ख्रिस्ती धर्मभाषेत प्रतिष्ठा मिळाली ती 'आज्ञापालन' आणि 'आज्ञांकित' या संस्कृत शब्दांना. हे शब्द चुकीचे नाहीत. पण 'आज्ञा' म्हटली की दरबार आणि कचेरी उभी राहते; 'ऐकणे' म्हटले की घर. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील नाते पहिल्या शब्दात हुकमाचे आहे, दुसऱ्यात जिव्हाळ्याचे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देणाऱ्या भाषेने हे बळ वापरू नये, ही अनुवाद-परंपरेची मोठी हानी मानावी लागेल. पूर्ण मनाने मानणे ही कल्पना घरगुती शब्दातूनच नीट उतरली असती.

पंडिता रमाबाईंना ही अडचण तीव्रतेने जाणवली होती. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या बाईला ते परके वाटते, या जाणिवेतून त्यांनी हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्वतंत्र अनुवाद सिद्ध केला. एप्रिल १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या कामात त्या गुंतल्या होत्या. सनातन धर्मकल्पनांचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. परिणामी भाषा निर्मळ झाली, पण बऱ्याच ठिकाणी खडबडीतही. मराठी समीक्षेने या अनुवादाकडे जवळजवळ पाठ फिरवली, हे मात्र त्या खडबडीतपणाने समर्थनीय ठरत नाही. हा उद्योग हौसेचा नव्हता. बाईने मध्यस्थाशिवाय देवाचे ऐकावे, ही त्यामागची निकड होती.

कॅथलिक वसईत असा प्रसंग बराच उशिरा आला. उपासनेची भाषा लॅटिन होती. ग्रंथ वेदीवर होता, हातात नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या आपल्या दस्तऐवजात पवित्र ग्रंथ सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध असावा, अशी भूमिका घेतली आणि चित्र पालटले. १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता'चे संपादन करणाऱ्या दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ची पार्श्वभूमी ही आहे. राजहंस प्रकाशनासारख्या चर्चबाह्य संस्थेकडून तो ग्रंथ निघाल्याने तो श्रद्धावंत आणि केवळ वाचक अशा दोघांच्याही हाती गेला.

बाख्तिनने अधिकारवाणी आणि अंतर्यामी पटणारी वाणी असा भेद केला आहे. पहिली दुरून येते, अखंड स्वीकार मागते; दुसरी अर्धी आपली, अर्धी परक्याची असते. लॅटिनमधील वचन पहिल्या प्रकारचे होते. ते कळत नसल्याने न पाळण्याची एक सवलतही त्यात होती. पाळणे-न पाळणे पाद्रीच्या सांगण्यावर सोपवता येई. घरच्या मराठीत आलेले वचन ही सवलत काढून घेते. तेव्हा सुबोधतेने पालन सोपे होत नाही, अवघड होते. 'सुबोध बायबल'च्या टिपा आणि प्रस्तावना यांचे मोल मान्य करूनही येथे एक आक्षेप नोंदवावा लागतो. स्पष्टीकरण वाढले की ऐकणाऱ्याची अस्वस्थता कमी होते. येशूचे दाखले तर अस्वस्थ करण्यासाठीच आहेत. शिष्यांनासुद्धा ते पहिल्याच श्रवणात उलगडत नसत.

लूकच्या शुभवर्तमानातील शास्त्री नियम चोख म्हणून दाखवतो आणि मग विचारतो, माझा शेजारी कोण? त्याला बोधाची उणीव नाही. त्याचा प्रश्न अर्थनिर्णयनाचा आहे आणि त्या प्रश्नाच्या आडून तो पालन लांबवतो. उत्तर म्हणून येणाऱ्या कथेत जखमी वाटसरूपाशी थांबणारा शोमरोनी हा परका, तिरस्कृत माणूस आहे, आणि कथेअंती शास्त्र्याला तसेच वागण्यास सांगितले जाते. समीक्षकांनाही हा प्रसंग जरा अवघडवणारा आहे, हे सांगितले पाहिजे.

वसईत या कथेला वेगळी धार येते. दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत पुढाकार घेऊन नागरीकरणाच्या रेट्याविरुद्ध वाड्या, विहिरी आणि शेतीचा कैवार घेतला. वचन कृतीत उतरवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु त्याच रेट्यातून रेल्वेच्या पूर्वेस आचोळ्यासारख्या गावांच्या शिवारांत चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, आणि मुंबईत घर न परवडणारी, नाना भाषा बोलणारी माणसे त्यांत राहायला आली. पश्चिमेच्या वाडीतील वाचकाने लूकची कथा आपल्या मराठीत ऐकली, तर शेजारी या शब्दाच्या कक्षेत आचोळ्याची ही माणसे येतात की नाही, हे त्याला ठरवावे लागते. विहिरीचे पाणी राखणे आणि पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या नवागताला शेजारी मानणे, या दोन्ही गोष्टी त्याच ग्रंथातून निघतात. त्यांच्यातील ताण कोणत्याही टिपेने सुटत नाही. आणि ज्याच्या भाषेत हा ग्रंथ सुबोध झाला तो वाडीतला वाचकही घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतो. प्रमाण मराठी त्याच्याकडे शाळेतून आलेली असते.