साडेदहाची मालवणी

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली. आकेरीतला एक जुना वाडा, अण्णा नाईकांचे मरण, त्यानिमित्ताने गोळा झालेले कुटुंब आणि घरात वावरणारे काहीतरी, एवढ्या सामग्रीवर ती उभी होती. तिच्याविषयी दोन तऱ्हेची मते ऐकू येत. अंधश्रद्धा पसरते, कोकणची बदनामी होते, असे आक्षेप सिंधुदुर्गातूनच निघाले. दुसरीकडे आपली बोली रोज टीव्हीवर ऐकायला मिळते याचा आनंदही होता. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण या वादात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. ही बोली रात्री साडेदहालाच का बोलली गेली?

भुताची गोष्ट रात्रीच दाखवायची, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. परंतु वाहिनीचे घड्याळ गोष्टीच्या सोयीने लावलेले नसते. मराठी मनोरंजन वाहिन्यांचा खरा बाजार संध्याकाळी सात ते दहा या वेळात भरतो. एक मालिका संपताच दुसरी अशी जोडायची की आधीचा प्रेक्षक जागचा उठू नये. सोमवार ते शनिवार तीच वेळ ठेवायची म्हणजे सवय लागते. आकडा घसरू लागला की रविवारी तासा-दोन तासांचा ‘महाएपिसोड’ टाकायचा. या तीन तासांत कोणी धोका पत्करत नाही. तिथे ओळखीचे घर, ओळखीची सासू आणि पुणे-मुंबईची ओळखीची भाषा हवी. साडेदहा ही त्या बाजाराची शेपटी. तिथे एखादा प्रयोग फसला तर फार नुकसान होत नाही. मालवणीला जागा मिळाली ती या शेपटीत, असा आमचा तर्क आहे. भीतीच्या गोष्टीने तिला त्या जागेचा परवाना मिळवून दिला.

आता हा आकडा येतो कुठून ते पाहू. देशभर ठरावीक घरांत यंत्रे बसवलेली असतात. कार्यक्रमाच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते यंत्र ओळखते, आणि घरातल्या प्रत्येक माणसाने आपल्या नावाचे बटण दाबून ‘मी बघतो आहे’ हे कळवायचे असते. या मूठभर घरांवरून कोट्यवधींची आवड ठरते. बार्क या संस्थेचे आकडे एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाले. त्याआधी हे काम टॅमकडे होते. टॅमची यंत्रे शहरांत होती, तीही मुख्यतः लाखावर वस्तीच्या. खेड्यांत ती नव्हतीच. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास आणि त्यांपैकी शहरी जेमतेम साडेबारा टक्के. सावंतवाडी घ्या, कणकवली, मालवण किंवा वेंगुर्ला घ्या, एकही गाव लाखाच्या जवळपास जात नाही. म्हणजे कित्येक वर्षे इथली माणसे टीव्ही बघत होती, जाहिरातीतला साबण विकत घेत होती, पण मोजणीत नव्हती.

बार्कने ग्रामीण घरे आकड्यांत धरली ती ऑक्टोबर २०१५ पासून. त्यानंतर चारेक महिन्यांनी मालवणी मालिका आली. एकामुळे दुसरे घडले असे आम्ही म्हणणार नाही, त्याला पुरावा लागतो. शिवाय मालवणी माणूस मुंबईत, ठाण्यात मुबलक आहे; त्याच्या घरातले यंत्रही तेच सांगत असणार. पण ज्या काळात खेडे हिशेबातच नव्हते त्या काळात वाड्याच्या ओसरीवरची बोली रोज ऐकवण्याचे धाडस कोणी केले नाही, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

मालवणीला प्रेक्षक नव्हता असे तर नाहीच. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. तिकीट काढून येणारा माणूस मोजायला यंत्र लागत नाही. दशावताराचेच बघा. जत्रेत पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. सिंधुदुर्गात रात्र ही कधी उरलीसुरली वेळ नव्हती. खेळाची मानाची वेळ तीच. देवळाच्या मांडवाबाहेर, दुकानांच्या रांगेत, आपलेही लोक संकासुराला हसत उभे असतात. वाहिनीच्या कोष्टकात मात्र रात्र झाली की भाव उतरतो.

मालिका म्हणून पहिले पर्व आम्हांला निम्मेच आवडले. सरिता, दत्ता आणि पांडू बोलू लागले की घर खरे वाटे. भांडणात, जमिनीच्या गोष्टीत, चुलीजवळच्या टोमण्यांत बोलीची ताकद दिसे. मुंबईहून आलेली शिकलेली माणसे प्रमाण मराठीत तर्क मांडत आणि वाड्यातली माणसे मालवणीत घाबरत, ही वाटणी मात्र खटकण्यासारखी होती. शहाणपणाची भाषा एक आणि भीतीची भाषा दुसरी, हे प्रेक्षकाच्या मनात रोज अर्धा तास मुरत राहिले. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखनातही होते, त्यामुळे संवादांत अस्सलपणा आहे. दोष बोली लिहिणाऱ्याचा नाही, साच्याचा आहे.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व आले आणि गोष्ट मागे गेली. पहिल्या पर्वात पहिल्याच दिवशी मेलेले अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता महाराष्ट्रभर घराघरांत पोचली. हे पर्व अधिक बांधीव आहे, कारण इथे भय भुताचे नाही, एका जमीनदार पुरुषाचे आहे. परंतु आकडा चढला की वाहिनी गोष्ट थांबू देत नाही. मार्च २०२१ मध्ये तिसरे पर्व आले, तेही रात्री अकराला, आणि तोवर अण्णा-शेवंता नुसती भुते होऊन उरली होती. दरम्यान २०१७ मध्ये ‘गाव गाता गजाली’ ही हलकीफुलकी मालवणी मालिका येऊन गेली. वाड्याइतके आयुष्य तिला लाभले नाही. आकड्यांच्या पवित्रपणाबद्दल बोलायचे तर ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा तपास जाहीर केला आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. तो वाद बातम्यांचा होता. मालिकांची मोजणी चालूच होती.

या सगळ्यात आपण कुठे आहोत? जिल्ह्यात आपण शंभरात तीनच्या आसपास. खारेपाटण, बांदा, मालवण इथल्या मोहल्ल्यांत संध्याकाळचे घड्याळ वेगळे चालते. मगरिबची बांग झाली की टीव्हीचा आवाज बारीक होतो. रमजानात सातचा सुमार इफ्तारचा, पुढे इशा आणि तरावी. म्हणजे वाहिन्यांचा सगळा सोन्याचा वेळ आपल्या घरांत निम्मा रिकामा. यंत्र असते तरी त्याने एवढेच टिपले असते की बटण दाबलेले नाही. का नाही, हे त्याला कळत नाही. २०१६ चा रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. तरावी आटोपून माणसे घरी येत तोवर दहा वाजून जात. ‘तरावी पढून इलंय, आता लाव टीव्ही,’ असे म्हणत आपले लोक नाईकांच्या वाड्यात शिरले. ज्या वेळेला बाजारात भाव नव्हता तीच आपल्या सोयीची निघाली. वाहिनीला याचा पत्ता असण्याचे कारण नाही. गणपतीत प्रत्येक मालिकेत आरती होते, कारण तो हिशेब वर्षाआधी मांडलेला असतो. ईद आली तर एखाद्या भागापुरता शेजारी येतो, शीरखुर्म्याची वाटी देतो आणि जातो. तोही बहुधा हिंदी हेल काढून बोलतो.

‘तरावी पढून इलंय’ हे वाक्य जिथे बोलले जाते ते घर अजून कोणत्या मालिकेत आम्हांला दिसलेले नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण मराठी आमची भाषा म्हणून सांगत आलो. ती मराठी आपण बहुतेक वेळा प्रमाण मराठीतच सांगितली, हा दोष आमच्याही पदरात घालावा लागेल. नमाज, दुआ, कफन हे शब्द आणि ‘इलंय’, ‘गेलंय’ ही क्रियापदे एकाच तोंडात कशी राहतात, हे वाहिनी दाखवणार नाही. तिच्या कोष्टकात त्यासाठी रात्रीचे बारासुद्धा मोकळे नाहीत. या अंकासारख्या अंकांना ते कोष्टक नसते. तरीही आमच्याकडे आलेल्या कथांत आजवर असे घर दोन-तीनदाच भेटले.