पंगत आणि बैठक : वर्गातील आसनव्यवस्थेचा एक विचार

वर्गातील आसनांचा विचार अलीकडे ‘लवचिक आसनव्यवस्था’ ह्या नावाखाली होत आहे. हलकी मेजे, चाकांच्या खुर्च्या, जमिनीवरील गाद्या, गोलाकार मांडणी ही त्या विचाराची दृश्य लक्षणे होत. वर्ग विद्यार्थ्याला आपला वाटावा, हा त्यामागील हेतू निर्विवाद आहे. परंतु ही लवचिकता आसनात असते, की ते हलविण्याच्या अधिकारात, हा प्रश्न ह्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. आणि त्यामुळे चर्चा सुतारकामाच्या पातळीवर राहते.

मूळ प्रवर्तकांना ह्या प्रश्नाची जाणीव होती. जॉन ड्यूई ह्यांनी १८९९ साली दिलेल्या, ‘द स्कूल अँड सोसायटी’ ह्या नावाने ग्रंथरूप पावलेल्या व्याख्यानांत मेजे-खुर्च्यांसाठी शहरातील दुकाने पालथी घातल्याची हकीकत सांगितली आहे. अखेर एका दुकानदारानेच त्यांची अडचण ओळखली : त्यांना मुलांनी काम करावे अशी मेजे हवी होती, आणि दुकानात होती ती सगळी ऐकण्यासाठी केलेली. कोणी बोलावे आणि कोणी ऐकावे हे बाक आधीच ठरवून टाकतो, ही गोष्ट त्या व्यापाऱ्याने एखाद्या पंडितापेक्षा नेमकेपणाने सांगितली असे म्हणावयास हरकत नाही.

मारिया माँटेसोरी ह्यांचे प्रतिपादन त्याच्याही पुढे जाते. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत सुरू झालेल्या बालगृहात त्यांनी मुलांना स्वतः उचलता येतील अशा मेजे-खुर्च्या ठेविल्या. मुलांचा कणा वाकू नये म्हणून ‘शास्त्रीय’ बाके तयार करणाऱ्यांवरील त्यांची टीका तिखट आहे. पण अधिक मार्मिक आहे ते खुर्ची पडण्याविषयीचे त्यांचे विवेचन. खुर्ची आवाज करून पडली, तर तो आवाजच मुलाला त्याच्या हालचालीतील उणीव दाखवून देतो. म्हणजे चूक सांगण्याचे काम शिक्षकाच्या जिभेवरून निघून वस्तूकडे गेले. आजच्या जाहिरातींत खुर्ची मुळीच आवाज करीत नाही, हाच तिचा गुण म्हणून सांगितला जातो!

मराठीतील दोन शब्द येथे उपयोगी पडतात. ‘पंगत’ हे ‘पंक्ती’चे मराठी रूप. पंगतीत शेजाऱ्याशी बोलता येते; पण पान रिकामे झाले, तरी वाट वाढप्याचीच पाहावी लागते. ‘बैठक’ मात्र बसण्याची जागा, जमलेली मंडळी आणि त्यांची चर्चा ह्या तिन्ही अर्थांना सामावून घेते. रांगांनी भरलेला वर्ग ही पंगत होय. ॲडम्स आणि बिडल ह्यांच्या १९७० च्या निरीक्षणांत वर्गातील बोलण्याचा मोठा वाटा पुढील रांगेत आणि मध्यभागाच्या पट्ट्यात बसणाऱ्यांकडे गेल्याचे दिसून आले; कडेच्या पानांपर्यंत वाढप पोचत नाही. सिंक्लेअर आणि कूल्थार्ड ह्यांनी १९७५ मध्ये ह्या संभाषणाची वीणच उलगडून दाखविली : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्यावर शिक्षकाचा अभिप्राय. तीन पाळ्यांपैकी दोन शिक्षकाच्या.

बाके गोल मांडल्याने ही वीण आपोआप उसवत नाही. ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ ह्या मल्याळम चित्रपटापासून स्फूर्ती घेऊन केरळातील काही शाळांनी २०२५ मध्ये बाके घोड्याच्या नालेच्या आकारात मांडली आणि मागचा बाकच नाहीसा केला. त्या बाकाशी जडलेला कमीपणा पाहता ह्या प्रयोगाचे स्वागतच करावयास हवे. मात्र नालेच्या मध्यभागी उभे राहून शिक्षक तीनपैकी दोन पाळ्या स्वतःकडे ठेवू लागले, तर ती वळविलेली पंगतच ठरेल. शिवाय रांग सर्वदा त्याज्यही नव्हे. व्हेल्डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८१ मध्ये असे आढळले, की आपापले काम एकट्याने करावयाचे असता मुलांचे लक्ष गटांच्या मेजांपेक्षा रांगेत अधिक टिकते. कामानुसार मांडणी बदलणे ही खरी लवचिकता. गोल मांडणी कायमची झाली की तीही जखडलेलीच.

हलणारे आसन म्हणजे स्वागताचे आसन, ह्या गृहीताला तर मराठी मुलखातील एक साक्ष पुरती छेद देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आत्मपर लेखनात साताऱ्याच्या शाळेतील आपले आसन वर्णिले आहे. कोपऱ्यात, इतरांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर त्यांना बसावे लागे; झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे, म्हणून तो रोज घरी न्यावा व सकाळी पुन्हा आणावा लागे. केवळ हलण्याच्या निकषाने पाहिले, तर वर्गातील हे सर्वांत लवचिक आसन म्हणावे लागेल. आसनव्यवस्थेवरील कोणत्याही उपपत्तीने प्रथम ह्या गोणपाटाचा हिशेब द्यावयास हवा. तो न देणारी उपपत्ती बसणाऱ्याला वगळून बसण्याविषयी बोलते.

ह्या दृष्टीने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचे कार्य अधिक मूलगामी ठरते. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेलेले त्यांचे काम आसनांच्या मांडणीपाशी थांबले नाही. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्यावरील अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. येथे बसण्याची जागा मुलांची, आणि पाहुणा शिक्षक. अंगणात आलेल्याने घरच्यांचे बोलणे आधी ऐकून घ्यावे, हा संकेत कोणत्याही मेजाने निर्माण होत नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर गेला. परंतु शब्दाबरोबर पाहुणेपणही सर्वत्र गेले, असे म्हणवत नाही.

उच्च शिक्षणाला ह्या चर्चेतून सूट नाही. पदव्युत्तर चर्चासत्राचे लांब मेज दिसावयास बैठकीचे असते. पण हातांची खुर्ची बहुधा एकच, आणि ती मेजाच्या टोकाशी असते. निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या तासापुरते तेथे बसविले, आणि प्रश्न कोण विचारतो व अभिप्राय कोण देतो ह्याची सत्रभर नोंद ठेविली, तर भाषाभ्यासाच्या कोणत्याही विभागाला ही तपासणी खडू-फळ्याच्या खर्चात करता येईल.