ब्राउनश्वाइगचे उपहास-थालर : एक परीक्षण

ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक हाइन्रिख युलिउस (राज्यकाल १५८९–१६१३) याने आपल्या सरदारांशी चाललेल्या कलहात १५९५ ते १५९९ या वर्षांत जे चांदीचे थालर पाडले, त्यांच्या चातुर्याची नाणकशास्त्राचे अभ्यासक आवर्जून वाखाणणी करतात. ड्यूक स्वतः नाटककार होता व इंग्रज नटांचा आश्रयदाताही. त्यामुळे या नाण्यांतही नाटककाराची प्रतिभा शोधण्याचा मोह होतो. चित्रे एकेक पाहू जाता तो मोह बराच ओसरतो.

१५९५ च्या ‘बंडखोर-थालरा’वर मोझेसविरुद्ध उठलेल्या कोराहला व त्याच्या साथीदारांना धरणी गिळत आहे. यात उपहास कोठला? ही तर सरळ धमकी. पुढील वर्षीचा ‘असत्य-थालर’ अधिक चतुर आहे : त्यावर सिंहाच्या तावडीत पहाडी बोकड सापडला आहे. सिंह ब्राउनश्वाइगच्या राजघराण्याचा, तर बोकड श्टाइनबेर्ग घराण्याच्या कुलचिन्हातला. नाव न घेता नाव घेण्याची ही युक्ती तेथील सरदारवर्गाला सहज उमगणारी होती.

१५९७-९८ चा ‘सत्य-थालर’ मात्र सर्वांत दुबळा. विवस्त्र सत्यमूर्ती निंदेला तुडवीत उभी आहे, आणि सत्यच जिंकते असे लेखही बजावतो. चित्राने सांगितलेले अक्षरांनी पुन्हा सांगावे लागले, तेथेच रूपक थकले. शिवाय सत्य कोणाच्या बाजूचे, हे फिर्यादीनेच ठरविलेले !

याउलट १५९९ च्या थालरावर दहा गांधीलमाशांनी सिंहाला घेरले आहे. (काही संग्राहक त्यांना डास म्हणतात.) शत्रूला क्षुद्र ठरविण्याच्या भरात आपण बेजार झालो आहोत, ही कबुलीही ड्यूक देऊन बसला, म्हणूनच साऱ्या मालिकेत हे चित्र जिवंत वाटते.

तथापि या नाण्यांचे खरे बळ चित्रात नसून धातूत आहे. १५६६ साली आउग्सबुर्गच्या साम्राज्यसभेने ठरविलेला थालर सुमारे २९ ग्रॅम वजनाचा असून त्यात सुमारे २६ ग्रॅम शुद्ध चांदी असे, आणि ड्यूकच्या हाताशी हार्त्स पर्वतातील खाणी होत्या. निंदापत्र फाडून टाकता येते. एवढी चांदी कोण नाकारणार? जो हिणवला गेला त्यालाही ती मोजून घ्यावीच लागे. नाटकात प्रतिपक्षाच्या वाट्याला निदान चार वाक्ये येतात. येथे टाकसाळ एकाच पक्षाची होती.