झील धरणाऱ्याची साक्ष

अण्णा भाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. आपले समीक्षक एवढे सांगतात आणि पान उलटतात. मागे झील धरणाऱ्याचे, ढोलकीवाल्याचे पुढे काय झाले? बंदीनंतर त्याची चूल कशावर पेटली?

त्याच सुमारास अमेरिकेत कम्युनिस्ट ठरवून शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या; १९५० च्या 'रेड चॅनल्स' पुस्तिकेने १५१ जणांची नावे छापून कलावंतांची कामे तोडली. ग्रिफिन फारिएलो यांनी अशा माणसांना बोलते करून १९९५ साली ग्रंथ काढला. तिथे सोसणारा स्वतः बोलतो.

आमच्याकडे १९४५ च्या वारली उठावावर गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) आहे. ग्रंथ थोर, पण त्यातला वारली बाईंच्याच मराठीत बोलतो.

बोळिंजहून तलासरी दूर नाही. तिकडच्या एका विद्यार्थ्याला मी म्हटले, खिशात फोन आहे, पणजीचे बोलणे मुद्रित कर. तो म्हणाला, "करीन सर. पण ती वारलीत बोलते. परीक्षेला चालेल?"